खड्डे मारायची मशीन: जांभ्याच्या गावात कितपत कामाची?

मे सरता सरता कोकणातल्या वाडीवाडीत एकच प्रश्न फिरू लागतो. रोपे मिळणार आहेत, दोनशे-तीनशे, पण खड्डे कोण मारणार? मजूर भाताच्या पेरणीला लागलेले, चाकरमानी सुट्टी संपवून परतलेले, उरलेल्यांत निम्म्यांची कंबर धरलेली. अशा वेळी कुणीतरी पेट्रोलवर चालणाऱ्या ऑगरचा व्हिडिओ पाठवतो. त्यात एक माणूस बटण दाबतो, पाते गिरक्या घेत आत उतरते आणि दहा सेकंदांत गुडघाभर खड्डा तयार होतो. व्हिडिओतली माती काळी, ओलसर आणि बिनदगडाची असते हे मात्र कुणी बघत नाही.

इथे विचार केला आहे तो बाजारात सर्रास मिळणाऱ्या ५२ सीसी टू-स्ट्रोक, हाताने धरायच्या मशीनचा. दुकानदार त्याला अर्थ ऑगर म्हणतात, गावात त्याला ‘खड्डे मारायची मशीन’ म्हणतात. पात्याशिवाय वजन नऊ-दहा किलो, पेट्रोलची टाकी लिटर-सव्वा लिटरची, पात्याची लांबी साधारण ८० सेंटीमीटर. पाती ४, ६, ८, १० आणि १२ इंच व्यासाची मिळतात. ऑनलाइन किंमत साधारण दहा ते पंधरा हजारांच्या घरात. नावाजलेल्या कंपनीची मशीन घ्यायची तर त्याच्या काही पट पैसे मोजावे लागतात. त्या जास्तीच्या पैशांत नेमके काय मिळते ते पुढे येईलच.

आधी जमिनीचे बघू, कारण या मशीनचा निकाल जमीनच लावते.

वरकस उतारावर, जिथे लाल मातीत बारीक खडी मिसळलेली असते आणि वर करवंद, कुडा, दिंडा उगवलेला असतो, तिथे मशीन चांगले काम करते. मृगाच्या दोन-तीन दमदार सरी पडून माती वीतभर भिजली की ८ इंची पाते ४५ सेंटीमीटर खोल जायला एक-दोन मिनिटे पुरतात. मध्ये मुठीएवढा जांभ्याचा गोटा लागला तर पाते उचलून, पहारीने गोटा काढून पुन्हा लावावे लागते. दर तीन-चार खड्ड्यांमागे एकदा असे होणारच असे धरून चालावे. तीच जमीन मे महिन्यात मात्र विटेसारखी वागते. जांभ्यातले लोह आणि ॲल्युमिनियम उन्हात सुकून घट्ट होते. चिरेखाणीतून काढलेला ओला चिरा वाळला की टणक होतो, तसेच वरच्या मातीचे. मे महिन्यात या मशीनने खड्डे मारायला जाणे म्हणजे पाते झिजवणे आणि मनगट दुखवून घेणे.

सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, हे मशीन निरुपयोगी आहे. पाते वरच्या वर ठिणग्या पाडत फिरते. आणि खरे तर तिथे ते चालत नाही हे बरेच आहे. सड्यावर दोन बोटे माती असते, त्यात पावसाळ्यात जी रानफुले आणि गवत येते तीच तिथली वनश्री. त्यात भर म्हणून रत्नागिरी-राजापूर पट्ट्यातल्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांचे नाव २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेले. ‘गावची पडीक जागा’ म्हणून सडा लागवडीला सुचवला जातो तेव्हा मशीन कुठली आणायची हा प्रश्नच नाही, जागा बदलायची. ब्रेकर लावून कातळात खड्डा पाडलाच तरी तो खड्डा नसतो, कुंडी असते. जुलैत ती काठोकाठ भरते आणि रोपाची मुळे कुजतात. मार्चमध्ये तीच कुंडी तापते.

किनाऱ्याची पुळण हे आणखी वेगळे प्रकरण. कोरड्या वाळूत पाते सहज जाते, बाहेर काढले की खड्डा आपोआप भरतो. सुरू किंवा उंडी लावायची तर वाळू भिजल्यावर फावड्याने हात-दीड हात उकरून लगेच रोप बसवणे सोपे पडते. खाजणात आणि खाडीकाठी कांदळाची लागवड करणाऱ्यांनी मशीनचा विचारही करू नये; तिथे कांदळाची शेंग चिखलात नुसती टोचायची असते.

भाताच्या मळ्याच्या बांधावर किंवा चिकण मातीत मशीन झरझर चालते आणि तिथेच एक न दिसणारा घोटाळा करते. ओल्या चिकण मातीत फिरणारे पाते खड्ड्याची भिंत थापीने लिंपल्यासारखी गुळगुळीत करते. रोपाचे मूळ त्या भिंतीला जाऊन थडकते आणि आतल्या आत गोल फिरू लागते. वर्षभर झाड बरे दिसते, दुसऱ्या उन्हाळ्यात उभे वाळते आणि दोष वाळवीवर जातो. उपाय अगदी साधा आहे. खड्डा झाला की पहारीच्या टोकाने किंवा कोयत्याने भिंतीला चार-सहा ठिकाणी उभ्या खाचा पाडायच्या. एका खड्ड्याला अर्धा मिनिट लागतो. पण घाईत हेच काम पहिल्यांदा सोडले जाते, म्हणून त्यासाठी एक माणूस वेगळा नेमलेला बरा.

आता मापाचे. जाहिरातीत ‘दिवसाला शेकडो खड्डे’ असे लिहिलेले असते. खड्डा किती मोठा, ते लिहिलेले नसते. हाताने मारलेला दीड फुटी खड्डा, म्हणजे ४५ सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल, यातून साधारण ९१ लिटर माती निघते. मशीनच्या १२ इंची पात्याने तेवढ्याच खोलीचा खड्डा मारला तर सुमारे ३२ लिटर, आणि ८ इंचीने जेमतेम १४ लिटर. म्हणजे मशीनचा खड्डा हाताच्या खड्ड्याच्या तिसऱ्या-सहाव्या हिश्श्याचा. रोपाला पहिल्या दोन वर्षांत मोकळी माती जेवढी मिळते तेवढी त्याची मुळे पसरतात, त्यामुळे ही तुलना केल्याशिवाय मजुरीचा हिशेब करू नये.

यातून कुठल्या रोपाला मशीन चालेल तेही ठरते. ऐन, किंजळ, जांभूळ, करंज, खैर, बेहडा अशी रानची झाडे, पिशवी लहान आणि माती बरी असेल तर, ८ किंवा १० इंची खड्ड्यात तग धरतात. ८ बाय १२ इंचाची पिशवी मातीने भरल्यावर तिचा व्यास पाच इंचांच्या आसपास होतो, म्हणजे ८ इंची खड्ड्यात चारही बाजूंनी दीड इंच जागा राहते. ५ बाय ८ च्या पिशवीला तर ६ इंची पातेही पुरते. पण काजूच्या कलमाला ६० सेंटीमीटरचा खड्डा लागतो, ज्यातून २१६ लिटर माती निघते, आणि आंब्याच्या कलमाला मीटरभर लांब, रुंद, खोल. तिथे मशीनवर भिस्त ठेवणे चूक आहे. काजूसाठी एक जुगाड जमतो: चौकोनाच्या चार कोपऱ्यांना चार आणि मधोमध एक असे पाच खड्डे ८ इंची पात्याने पाडायचे आणि मधल्या भिंती पहारीने ढासळवायच्या. निव्वळ पहार-कुदळीपेक्षा यात मेहनत बरीच वाचते. आंब्याला जेसीबी किंवा माणसे.

मशीनने एक काम मात्र हातापेक्षा हमखास चांगले होते, ते म्हणजे कुंपण. आणि गावच्या लागवडीत रोपे मरतात ती बहुधा खड्ड्यामुळे नाही, मोकाट गुरांमुळे. ४ इंची पाते लावून फूट-दीड फूट खोल भोके पाडायची, त्यात गिरिपुष्पाच्या किंवा पांगाऱ्याच्या चार-पाच फुटी फांद्या रोवायच्या आणि माती ठासायची. पहारीने असे भोक पाडायचे तर पहार हलवून हलवून तोंड रुंद करावे लागते, मग खुंट सैल बसतो. मशीनचे भोक सरळ आणि नेमक्या मापाचे पडते. कुंपणाचे काम पहिल्या पावसाबरोबर उरकून घेतले तर फांद्या श्रावणापर्यंत फुटतात. एवढ्याच कामासाठी दोन दिवस मशीन भाड्याने आणली तरी पैसे वसूल झाले असे समजायला हरकत नाही.

वेळापत्रक मशीनच्या सोयीने थोडे बदलावे लागते. जुनी पद्धत अशी की एप्रिल-मे महिन्यात खड्डे मारायचे, ऊन खाऊ द्यायचे, वळवाच्या आधी शेणखत आणि वरची माती घालून भरून ठेवायचे. कलमांसाठी ती आजही तशीच पाळावी. रानझाडांसाठी मात्र मशीन जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आणावी. तळकोकणात मोसमी पाऊस साधारण ७ जूनच्या सुमारास येतो; त्यानंतर आठ-दहा दिवसांत माती पात्याला वश होते. ५ जूनला पर्यावरणदिन म्हणून फोटोपुरती लागवड करण्याचा हट्ट अनेक ठिकाणी असतो. पाऊस चार दिवस लांबला तर ती रोपे पाणी घालून जगवावी लागतात, आणि टँकर काही कुणी आधी सांगून ठेवलेला नसतो. जुलैचा पहिला आठवडा, १९५० पासून चालत आलेला वनमहोत्सवाचा, कोकणाला जास्त मानवतो. तेव्हा खड्डे तयार असावेत, रोपे जागेवर पोचलेली असावीत. कामाचा दिवस लावणीशी गाठ घालणार नाही असाही बघावा, नाहीतर मशीन येते आणि माणसे चिखलणीला गेलेली असतात.

प्रत्यक्ष जागेवर एका मशीनमागे पाच माणसे लागतात. दोघे आळीपाळीने मशीन धरणारे, एक दोरी आणि चुना घेऊन पुढे जागा आखणारा, एक पहार घेऊन गोटे काढणारा आणि भिंतीला खाचा पाडणारा, एक फावड्याने माती बाजूला ओढणारा. मशीन धरणाऱ्याने दहा-बारा खड्ड्यांनंतर हात बदलावा. हादरे बोटांना मुंग्या आणतात, आणि थकलेल्या हाताची पकड सुटते तेव्हाच अपघात होतो.

माती ओढणाऱ्याचे काम वाटते तितके किरकोळ नाही. हाताने खणताना वरची काळपट, पालापाचोळ्याची माती आपसूक वेगळी पडते. मशीन सगळे एकत्र ढवळून भोवती रिंगण करते, आणि भरताना तळातली लाल खडी मुळांशी जाते. म्हणून पाते आधी वीतभरच उतरवायचे, उचलायचे, निघालेली माती एका अंगाला ओढून घ्यायची आणि मगच पुढे जायचे. भरताना ती वरची माती, दोन ओंजळी पूर्ण कुजलेले शेणखत, असे मुळांशी. अर्धे कुजलेले खत किंवा सुका पाला खड्ड्यात टाकला की वाळवीला आमंत्रण.

खोलीचीही एक खोड आहे. पाते ८० सेंटीमीटरचे असल्यामुळे मऊ जागी ते हा हा म्हणता पूर्ण आत जाते. मग तळ पुन्हा मातीने भरावा लागतो, ती माती जुलैच्या पावसात बसते, रोप खाली खचते आणि बुंधा मातीत गाडला जाऊन कुजतो. पात्याच्या दांड्यावर ४५ सेंटीमीटरला ठळक रंगाची पट्टी मारून ठेवावी. तेवढे करूनही माती थोडी बसतेच, म्हणून रोप जमिनीपेक्षा दोन बोटे उंच बसवून भोवती उंचवटा करावा. पावसाळ्यात आळे करायचे नाही; पाण्याला वाट द्यायची, आणि आळे ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर. उतारावर रोपाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती बांध घातला की माती धरून राहते. निचऱ्याची शंका असेल तिथे खड्ड्यात घागरभर पाणी ओतून ठेवावे. दुसऱ्या दिवशी पाणी तसेच दिसले तर ती जागा सोडावी.

धोक्यांबद्दल दुकानदार फारसे बोलत नाहीत. पाते मुळात किंवा कातळाच्या फटीत अडकले की पाते थांबते आणि मशीन उलट फिरते, धरणाऱ्यासकट. झटका मनगटाला, बरगडीला किंवा मांडीला बसतो. महागड्या मशीनमध्ये, उदाहरणार्थ स्टिल (Stihl) कंपनीच्या बीटी १३१ मध्ये, पाते अडकताच ते थांबवणारा ब्रेक असतो. जास्तीचे पैसे मुख्यतः याचे असतात, आणि दगडाच्या मुलखात ते वायफळ नाहीत. साध्या मशीनमध्ये ब्रेक नसतो, म्हणून दोन माणसांनी समोरासमोर धरायची लांब दांड्याची चौकट असलेली मशीन मागावी. जांभ्यात १० आणि १२ इंची पाते एकट्याने चालवूच नये. पूर्ण वेग देऊन पाते दाबायचे नाही; अर्ध्या वेगावर, मशीनच्या वजनाने उतरू द्यायचे आणि दर वीतभराला वर उचलून माती झटकायची. अडकलेच तर इंजिन बंद करावे, आणि पाते पान्ह्याने किंवा मशीनच्या दांड्याने उलट दिशेने हाताने फिरवून काढावे. इंजिन चालू ठेवून ओढाओढ केली की पात्याची पिन तुटते. ही पिन मुद्दामच आधी तुटेल अशी कमजोर केलेली असते, गिअर वाचावा म्हणून. तिच्या जागी खिळा किंवा जाड बोल्ट घालणारे महाभाग पुढच्या अडकण्यात गिअर फोडून घेतात. चार पिना खिशात ठेवाव्यात.

लुंगी, ओढणी, गळ्यातला पंचा बाजूला ठेवून काम करावे. पायात बूट, डोळ्याला चष्मा, कानाला बोळे किंवा मफ. खडी उडते आणि थेट डोळ्याकडे येते. लागवडीला शाळेची मुले बोलावली असतील तर मशीनचे काम आदल्या दिवशी संपवावे. मुलांनी रोपे लावावीत, मशीनभोवती गर्दी करू नये.

आणि एक अत्यंत गावठी पण महाग चूक. रस्त्याकडेला आणि पाणंदीच्या कडेने हल्ली नळपाणी योजनेचे पाईप आणि फोनच्या केबल पुरलेल्या असतात, बऱ्याचदा हातभर खोलच. पाते पाईप कापते आणि मग अर्ध्या वाडीचे पाणी बंद. आखणीच्या वेळी ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला सोबत घेऊन फिरावे. वर विजेच्या तारा आहेत का तेही तेव्हाच बघून घ्यावे. तारेखाली वाढलेले झाड पुढे महावितरणच्या कोयत्याखाली जाते.

इंधन आणि देखभाल. या इंजिनाला टू-टी ऑइल मिसळलेले पेट्रोल लागते. बहुतेक साध्या मशीनना २५ ला १, म्हणजे एक लिटर पेट्रोलला ४० मिली. काहींना ५० ला १, म्हणजे २० मिली. मशीनवर लिहिलेले प्रमाण बघावे, भाड्याने देणाऱ्याच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नये. ऑइल विसरले तर इंजिन काही मिनिटांत जाम होते, आणि भरपाई अर्थातच तुमच्या माथी. एक टाकी साधारण तासभर चालते. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतली ओल ओढते. कोकणच्या जूनमध्ये उघड्या कॅनमधले पेट्रोल आठवड्यात त्रास देऊ लागते. लागेल तेवढेच मिसळावे. लाल धुळीने एअर फिल्टर लवकर भरतो, तो रोज संध्याकाळी धुऊन वाळवावा. मशीन धूर ओकत बंद पडू लागली की आधी फिल्टर, मग प्लग, आणि त्यानंतरच मेकॅनिक. पात्याच्या तळाची दोन दाते आणि मधली चोच बोल्टने बसवलेली असतात. जांभ्यात ती पटकन बोथट होतात. पाते घासत राहते पण उतरत नाही असे वाटले तर दाते बदलायची वेळ झाली. विकत घेतानाच दात्यांचा जादा जोड मागून घ्यावा, पुढे तो मिळवायला जिल्ह्याच्या गावी जावे लागते.

विकत की भाड्याने? वर्षाला दोनशे-तीनशे झाडे लावणाऱ्या एका वाडीने मशीन विकत घेण्यात अर्थ नाही. दहा दिवस वापर आणि साडेअकरा महिने पडवीत गंज, तोही खाऱ्या हवेत. तीन-चार वाड्या मिळून, कुंपणाच्या कामासकट, घेत असतील तर जरूर घ्यावी. एक गोष्ट कोकणाच्या बाजूने आहे: बागायतदारांकडे गवत कापायचे ग्रासकटर असतात आणि त्यांचे टू-स्ट्रोक इंजिन याच जातीचे. त्यामुळे प्लग, कार्बोरेटर, स्टार्टरची दोरी हे सगळे तालुक्याच्या गावी मिळते आणि दुरुस्त करणारा हातही असतो. ग्रासकटरलाच पुढे जोडायचे छोटे पाते विकले जाते ते मात्र घेऊ नये. कुंडीतली माती हलवण्यापलीकडे त्याचा जोर नाही.

ट्रॅक्टरला मागे जोडायचा खड्डेयंत्राचा पर्यायही सुचवला जातो. सपाट मुलखात तो उत्तम, पण आपल्याकडे गडग्यांमधून आणि पाणंदीतून ट्रॅक्टर वर पोचतच नाही.

भाड्याने आणताना दुकानातच इंजिन चालू करून बघावे, दाते आणि पिना मोजून घ्याव्यात, थ्रॉटल सोडल्यावर पाते लगेच थांबते का ते तपासावे. न थांबणारी मशीन परत करावी, कितीही स्वस्त असली तरी. काम संपल्यावर टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साचत नाही. पाते धुऊन, पुसून, त्याला जुन्या इंजिन ऑइलचा हात फिरवावा आणि जमिनीवर न ठेवता आढ्याला टांगावे.